दुर्गादेवीचा दुष्काळ आणि आजची हवा

प्रस्तुत लेखास निमित्त झालें तें असें. शके १९४७ च्या भाद्रपदांत (इ. स. २०२५, सप्टेंबर) नगर, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या पूर्व भागांत अतिवृष्टि झाली. पाऊस ओसरल्यावर आमच्या तिसगांवीं चार मंडळी ओट्यावर बसून नुकसानीचा हिशेब करीत होती. वाहून गेलेली माती, कुजलेली बाजरी, सडूं लागलेला कांदा, असें एकेक निघतां निघतां गोष्ट हवामानबदलावर आली. तेव्हां एक वयोवृद्ध शेतकरी म्हणाले, "गुरुजी, दुर्गादेवीच्या दुष्काळांत म्हणे बारा वर्षं पाऊस नव्हता. तेव्हां कुठं होत्या मोटारी अन् गिरण्या? हें हवा बिघडल्याचं खूळ आत्तांचं." शेजारीं त्यांचा कृषिविद्यालयांत शिकणारा नातू बसला होता. तो म्हणाला, "तसं नाहीं आबा. आतां जें होतंय तें सगळं हवामानबदलामुळंच. विहीर आटली तीही त्यानंच, अन् हा पूर आला तोही त्यानंच." दोघांनींही निवाड्याच्या अपेक्षेनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं त्या वेळीं "पाहून सांगतों" एवढेंच म्हटलें.

पाहिल्यावर असें दिसून आलें कीं, आजोबांचा दाखला खरा आहे पण त्यावरून काढलेलें अनुमान चुकलें आहे. आणि नातवाचें अनुमान बव्हंशीं खरें आहे, पण त्यानें तें नको तेथेंही लावलें आहे. त्रैमासिकाच्या वाचकांस वायु, उष्णता इत्यादि पदार्थविज्ञानाचा विषय येथें कां, अशी शंका येईल. परंतु हा वाद मुळांत पुराव्याचा आहे. समकालीन साधन कोणतें व मागाहून रचलेलें कोणतें, एका कागदावरून किती अनुमान काढावें, दोन स्वतंत्र साधनें एकच गोष्ट सांगूं लागलीं म्हणजे तिचें वजन किती वाढतें, हे प्रश्न बखरीस जसे लागू तसेच हवेसही लागू आहेत.

प्रथम दुर्गादेवीचा विचार करूं. शके १३१८ (इ. स. १३९६) पासून बारा वर्षें महाराष्ट्रांत अनावृष्टि होऊन देश ओसाड पडला, ही परंपरा सर्वश्रुत आहे. ग्रांट डफ यानें इ. स. १८२६ त छापलेल्या आपल्या इतिहासांत ती दिली आहे. म्हणजे ज्या ग्रंथाचा आपण नेहमीं आधार देतों तो घटनेनंतर चारशें तीस वर्षांनीं झालेला आहे. शिवाय 'बारा' ही संख्या आपल्या भाषेंत मोजून क्वचितच येते. बारा वर्षांचें तप, बारा गांवचें पाणी, बारा वाटा. जेथें 'पुष्कळ' म्हणावयाचें तेथें लोक 'बारा' म्हणतात. तेव्हां केवळ या परंपरेवर विसंबावयाचें तर दुर्गादेवीच्या दुष्काळाची लांबी संशयास्पद मानावी लागली असती.

परंतु येथें एक निराळ्याच जातीचें साधन मदतीस आलें आहे. बस्तरच्या रानांत दंडक नांवाची चुनखडीची गुहा आहे. तिच्या छतांतून झिरपणाऱ्या थेंबाथेंबानें तळाशीं चुन्याचे खांब वाढले आहेत. पावसाच्या पाण्यांत प्राणवायूचे हलके व जड असे परमाणु असतात. पाऊस भरपूर असला म्हणजे जड परमाणूंचें प्रमाण घटतें, पाऊस तुटला म्हणजे तें वाढतें, आणि त्या त्या काळचें हें प्रमाण चुन्याच्या त्या त्या थरांत कायम राहतें. थराचा काळ त्यांतील युरेनियमच्या ऱ्हासावरून काढतां येतो. इ. स. २००७ त प्रसिद्ध झालेल्या या वाचनांत इ. स. ६०० पासून १५०० पर्यंतचा पर्जन्याचा लेख मिळाला, आणि त्यांत चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत पाऊस वारंवार व दीर्घकाळ तुटल्याचें दिसतें. दुर्गादेवीचीं वर्षें याच कालखंडांत पडतात. ज्या थेंबांस मराठी येत नव्हतें आणि ज्यांनीं ग्रांट डफ वाचला नव्हता त्यांनीं परंपरेस दुजोरा दिला, याहून निःपक्षपाती साक्षीदार कोणता मिळणार? बाराचे अकरा कीं चौदा याचा निर्णय त्यावरून होत नाहीं. देश दीर्घकाळ कोरडा पडत होता एवढें मात्र मान्य केलें पाहिजे.

आमचा प्रदेश कमी पावसाचा आहे हेंही कांहीं नवीन नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सीताध्यक्षाच्या प्रकरणांत निरनिराळ्या देशांच्या पावसाचें मान द्रोणांत दिलें आहे. त्यांत अवंतीस तेवीस द्रोण, अपरांतास म्हणजे कोंकणास अमित, आणि गोदातीरच्या अश्मकांस 'अर्धत्रयोदश' सांगितले आहेत. या शब्दाचें भाषांतर साडेतेरा असें छापलेलें आढळतें; परंतु अर्धतृतीय म्हणजे अडीच, त्या न्यायानें अर्धत्रयोदश म्हणजे साडेबाराच होत. द्रोणभर इकडेतिकडे झाल्यानें आमच्या शेतांत फरक पडत नाहीं. जन्माची खोड म्हणून हें येथें नमूद केलें. महत्त्वाची गोष्ट ही कीं, कोंकणांत अपार आणि गोदेच्या खोऱ्यांत बेताचा, हा पावसाचा नकाशा सुमारें दोन हजार वर्षांत पालटलेला नाहीं. नैर्ऋत्येकडून येणारे वारे सह्याद्रीस थटून वर चढतात, थंड होतात आणि तेथेंच रिते होतात. पूर्वेस उतरतांना ते पुन्हां तापून कोरडे होतात. याच जिल्ह्यांत अकोले तालुक्यांतील घाटघराकडे वर्षास कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आमच्या पाथर्डी तालुक्यांत पांचशें-सहाशेंच्या आंतबाहेर. रब्बीची सारी भिस्त उत्तरा-हस्ताच्या परतीच्या पावसावर. आणि तो हुकला म्हणजे दसरा होतांच कोयता घेऊन ऊंसाच्या फडाची वाट धरणारांच्या गाड्या अधिक भरतात.

येथें दुष्काळ व अवर्षण यांचा भेद केला पाहिजे. आपल्या लेखनांत तो फारसा पाळला जात नाहीं. अवर्षण आकाशांतून येतें. दुष्काळ पुष्कळदां जमिनीवर तयार होतो. शके १५५२ (इ. स. १६३०) चा दुष्काळ घ्या. पाऊस गेला हें खरें. पण त्याच वेळीं शाहजहान बऱ्हाणपुरास तळ देऊन होता आणि निजामशाही बुडविण्यासाठीं मोंगली फौजा याच मुलुखांत फिरत होत्या. इ. स. १८०३–०४ चा नगर प्रांतांतील दुष्काळ तर आकाशापेक्षां होळकरी फौजेनें व पेंढाऱ्यांनीं केलेला अधिक. उलट इ. स. १९७२ चें अवर्षण मोठें असूनही मृत्यु त्या मानानें फार थोडे झाले, कारण रस्त्यांचीं व पाझर तलावांचीं कामें निघालीं, आणि त्यांतूनच पुढें रोजगार हमीचा कायदा झाला. आम्ही त्या वेळीं शाळेंत होतों. मधल्या सुटींत मिळणारी सुकडी आणि खडी फोडून आलेल्या आईच्या हातांवरचे फोड, एवढें स्मरणांत आहे. अन्नावांचून गांवांत कोणी मेल्याचें स्मरत नाहीं. सांगावयाचें तें हें कीं, दुष्काळांच्या याद्यांवरून हवेचें अनुमान काढणें धोक्याचें आहे. तलवारीनें केलेले दुष्काळ आणि वाऱ्यानें केलेले दुष्काळ त्या याद्यांत एकाच ओळींत बसलेले असतात.

आतां खऱ्या अवर्षणाचें कारण. इ. स. १८७५ त हिंदुस्थानचें हवामानखातें स्थापन झालें आणि पुढच्याच वर्षीं दख्खनेंत पाऊस गेला. इ. स. १८७६–७८ च्या त्या दुष्काळांत हिंदुस्थानांत निदान पन्नास लाखांवर माणसें मेलीं. आमच्या जिल्ह्यांतून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग याच काळांत दुष्काळी काम म्हणून पुरा झाला. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनीं हिमालयावरील बर्फ व पुढील पाऊस यांचा संबंध इ. स. १८८४ त मांडला, परंतु इ. स. १८९९ चा पाऊस जाणार हें खात्यास ओळखतां आलें नाहीं. पुढें इ. स. १९०४ त गिल्बर्ट वॉकर हे गणिती प्रमुख झाले. त्यांनीं जगभरच्या वायुभाराचे आंकडे एकमेकांशीं ताडून पाहिले, तेव्हां असें आढळलें कीं, पॅसिफिक महासागरावर वायुभार वाढला म्हणजे हिंदी महासागरावर घटतो, आणि तिकडे घटला म्हणजे इकडे वाढतो. जणूं एका तराजूचीं दोन पारडीं. त्या तराजूचा पावसाशीं संबंध आहे हें त्यांनीं दाखविलें. तो कसा हालतो हें दाखविणें त्यांच्या हातून झालें नाहीं.

तें इ. स. १९६९ त ब्येर्क्नेस यांनीं दाखविलें. पॅसिफिकच्या पश्चिम भागांत, इंडोनेशियाकडे, साचून राहणारें ऊन पाणी कांहीं वर्षीं पूर्वेस पेरू देशाच्या किनाऱ्याकडे पसरतें. हा प्रकार नाताळच्या सुमारास दिसे, म्हणून तिकडच्या कोळ्यांनीं त्यास 'एल निनो', म्हणजे बाळ, असें नांव दिलें होतें. ऊन पाण्यावर हवा वर चढते. ही चढण्याची जागा पूर्वेस सरकली म्हणजे आपल्याकडे हवा खालीं उतरूं लागते, आणि उतरणाऱ्या हवेंत ढग धरत नाहींत. १८७७, १८९९, १९७२, २०१५ हीं सर्व एल निनोचीं वर्षें होत. मात्र प्रत्येक एल निनो अवर्षण आणतोच असें नाहीं. १९९७ चा फार मोठा होता, आणि त्या वर्षीं देशांत पाऊस व्यवस्थित पडला.

हा तराजू मोटारी व गिरण्या यांच्या कितीतरी आधींपासून हालत आहे. तेव्हां दुर्गादेवीच्या वेळीं मोटारी नव्हत्या आणि अवर्षण होतें यांत विसंगति कांहींच नाहीं. परंतु पूर्वींही गांवांत चोऱ्या होत, एवढ्यावरून आजच्या चोरीचा तपास कोणी सोडून देत नाहीं.

तपास करावयाचा तो हवेचा. सूर्यापासून जेवढी उष्णता मिळते तेवढीच परत जावयाची, तर पृथ्वी इतकी ऊन कां, हा प्रश्न फ्रान्सांत फूरिए यानें इ. स. १८२४ त विचारला. इ. स. १८५६ त अमेरिकेंतील युनिस फूट या बाईंनीं कांचेच्या नळ्यांत निरनिराळे वायु भरून त्या उन्हांत ठेविल्या, आणि कर्बाम्ल वायूची (हल्लींच्या पुस्तकांत यास कार्बन डायऑक्साइड म्हणतात) नळी सर्वांत अधिक तापल्याचें नोंदविलें. तीन वर्षांनीं टिंडल यानें उपकरणांच्या साह्यानें सिद्ध केलें कीं, हवेचा बहुतेक भाग ज्यांचा आहे ते नत्रवायु व प्राणवायु उष्णतेच्या अदृश्य किरणांस अडवीत नाहींत. पाण्याची वाफ व कर्बाम्ल वायु अडवितात. सूर्याचा प्रकाश हवेंतून बहुतांशीं विनासायास खालीं येतो व जमीन तापते. तापलेली जमीन जी अदृश्य उष्णता वर फेंकते ती मात्र या वायूंत अडकून कांहीं अंशीं खालीं फिरते. पौष-माघांत रात्रीं आभाळ असलें तर थंडी कमी, निरभ्र असलें तर कडाका, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. ढगाचें जें रात्रीपुरतें काम तेंच हे वायु अहोरात्र करितात. ते नसते तर पृथ्वीचें सरासरी उष्णमान शून्याखालीं अठरा अंश असतें. तें शून्यावर पंधरा अंशांच्या सुमारास आहे. म्हणजे कर्बाम्ल वायु मूळचा आपला शत्रु नव्हे. प्रश्न मात्रेचा आहे.

मात्रेचें गणित प्रथम मांडलें स्वीडनच्या आऱ्हेनियस यानें. दगडी कोळसा जाळून हवेंतील कर्बाम्ल वायु दुप्पट झाला तर पृथ्वी पांच-सहा अंशांनीं तापेल, असा त्याचा निबंध इ. स. १८९६ च्या एप्रिलांत छापला गेला. (आजचें गणित तीन अंशांच्या आसपास येतें.) त्याच वर्षीं आपल्याकडे पावसानें दगा दिला आणि शके १८१८ चा दुष्काळ पडला. या दोहोंत कार्यकारणसंबंध कांहीं नाहीं. पण शकावली करणारास जुन्या संकटाची व नव्या संकटाची नोंद एकाच सालाखालीं करावी लागते, ही गोष्ट मनांत राहते.

प्रत्यक्ष रोजची मोजणी इ. स. १९५८ त कीलिंग यानें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर आरंभिली. तेव्हां दहा लाख भाग हवेंत कर्बाम्ल वायूचे सुमारें ३१५ भाग होते. इ. स. २०२४ चें मान ४२४ च्या घरांत आहे. गिरण्यांच्या युगापूर्वीं तें २८० होतें. दहा लाखांत चारशें म्हणजे नगण्य, असें आमच्या ओट्यावरही म्हटलें गेलें. बादलीभर पाण्यांत टाकलेली निळीची चिमूट वजनानें कितीशी असते? तरी पाण्याचा रंग तीच ठरविते.

आतां जेथें मोजणी नव्हती तेथील २८० हा आंकडा कशावरून? इतिहासाच्या अभ्यासकांस रस वाटावा अशी जागा हीच आहे. दक्षिण ध्रुवप्रदेशांत पडलेलें हिम वितळत नाहीं. वर्षावर वर्ष थर चढतो, खालचे थर दबून त्यांचें बर्फ होतें, आणि कणाकणांमधील हवा बुडबुड्यांच्या रूपानें त्यांत कोंडली जाते. हा हवेचा दफ्तरखाना होय, आणि त्यांतील कागद नक्कल नसून अस्सल आहे. त्या काळची हवाच तेथें आहे. डोम सी येथें तीन हजार मीटरांहून खोल छेद घेऊन आठ लाख वर्षांची हवा काढण्यांत आली. या सर्व काळांत, हिमयुगें आलीं आणि गेलीं तरी, कर्बाम्ल वायु १८० च्या खालीं फारसा उतरला नाहीं व ३०० च्या वर गेला नाहीं. साधनाच्या शुद्धतेविषयीं दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. थर दबून पक्का होईपर्यंत वरची हवा आंत खेळत असते, म्हणून कोंडलेली हवा भोंवतालच्या बर्फाहून शेंकडों, क्वचित् हजारों वर्षांनीं तरुण असते. जुन्या वहींत मागाहून चिकटविलेल्या पानासारखा हा प्रकार आहे. त्याकडे दुर्लक्ष केल्यास कार्य व कारण यांची अदलाबदल होईल. शोधकांनीं तो हिशेबांत धरला आहे. दुसरें, लॉ डोम येथील बर्फांत अगदीं अलीकडची हवाही सांपडते. तिचे आंकडे आणि मौना लोआची प्रत्यक्ष मोजणी जेथें एकाच सालावर येतात तेथें तीं परस्परांशीं जुळतात. आपण याहून अधिक काय तपासतों?

वायु वाढला हें ठरलें. पण वाढविला कोणीं? ज्वालामुखींनीं, समुद्रानें कीं मनुष्यानें? येथें हस्ताक्षराची परीक्षा उपयोगी पडली. सजीवांच्या अंगांतील कर्बांत एक किरणोत्सर्गी प्रकार अल्प प्रमाणांत असतो आणि तो सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधि वर्षें जमिनींत पुरलेल्या कोळशांत व तेलांत तो उरलेलाच नसतो. हवेंत अशा मृत कर्बाची भर पडत असल्यास हवेंतील त्या प्रकाराचें प्रमाण घटलें पाहिजे. तें घटत असल्याचें झ्यूस यानें झाडांच्या वलयांवरून इ. स. १९५५ त दाखविलें. आणखी एक खूण आहे. सूर्य प्रखर झाल्यानें पृथ्वी तापत असती तर हवेचे खालचे व वरचे दोन्ही थर तापले असते. कर्बाम्ल वायूमुळें तापत असेल तर खालचा थर तापून फार वरचा थंड व्हावयास पाहिजे, असें मानाबे व वेदरल्ड यांनीं इ. स. १९६७ त गणितानें सांगितलें. पुढें उपग्रहांनीं मोजलें तें तसेंच निघालें. मोजणीच्या आधीं केलेलें भाकित पुढें खरें ठरावें, यास आमच्या मतें फार मोठें वजन आहे. आज मनुष्य कोळसा, तेल व वायु जाळून वर्षास सुमारें ३७ अब्ज टन कर्बाम्ल वायु हवेंत सोडतो. त्यांतील निम्म्याच्या आसपास समुद्र व वनस्पति घेतात. बाकीचा राहतो, आणि त्याचा बराच अंश शतकानुशतकें राहतो.

परिणामांकडे वळूं. इ. स. २०२४ सालीं पृथ्वीचें उष्णमान इ. स. १८५०–१९०० च्या सरासरीहून सुमारें दीड अंशानें अधिक भरलें. भारतांत इ. स. १९०१ पासून २०१८ पर्यंत वाढ सुमारें ०.७ अंश. आमच्या ओट्यावर याचाही उपहास झाला. वैशाखांत पारा सहज चाळीसच्या वर जातो, तेथें पाऊण अंशाचें तें काय! परंतु दीड अंश हा दिवसाच्या उन्हाचा नव्हे, साऱ्या पृथ्वीच्या वर्षाच्या सरासरीचा आंकडा आहे. अंगांत ताप दीड अंश सेल्सिअस चढला तर आपण त्याची तुलना चुलीच्या आंचेशीं करीत नाहीं.

पावसाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि येथेंच घाईनें विधानें केलीं जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील शोधकांनीं इ. स. २०२० त सिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें इ. स. १९५१ पासून २०१५ पर्यंत देशाचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुमारें सहा टक्क्यांनीं घटला, विशेषतः गंगेच्या मैदानांत व सह्याद्रीवर. त्यास कर्बाम्ल वायूपेक्षां हवेंतील धूर व सूक्ष्म धूळ यांनीं अडविलेलें ऊन अधिक कारण झालें असावें. उलट मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग इ. स. १९५० ते २०१५ या अवधींत तिपटीच्या सुमारास वाढले. एकीकडे घट आणि दुसरीकडे धो धो पाऊस, हें परस्परविरुद्ध वाटतें. पण तसें नाहीं. हवेचें उष्णमान एक अंशानें वाढलें कीं तिच्यांत सुमारें सात टक्के अधिक वाफ मावते. मोठ्या रांजणास भरावयास वेळ लागतो आणि उपडा झाला म्हणजे पाणीही अधिक सांडतें. म्हणून मधल्या उघडीपी लांबतात आणि सरी आल्या म्हणजे माती घेऊन जातात. अरबी समुद्र तापल्यानें वाफेचा पुरवठाही वाढला आहे.

इ. स. २०२३ चा ऑगस्ट देशांत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ते एल निनोचें वर्ष होतें. इ. स. २०२५ सालीं मृग लागण्यापूर्वींच, २६ मे रोजीं, मोसमी पाऊस मुंबईस पोंचला, आणि सप्टेंबरांत नगराजवळ उगम पावणारी सीना सोलापूर जिल्ह्यांत गांवेंच्या गांवें वेढून वाहिली. एका वर्षाच्या गोष्टीवरून कांहींच सिद्ध होत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु जशा वर्षांची अपेक्षा धरावी असें गणित सांगतें, तशींच हीं वर्षें आहेत.

एका ज्योतिषी स्नेह्यांनीं निराळाच खुलासा सुचविला: नक्षत्रेंच सरकलीं आहेत, म्हणून मृग कोरडा जातो. अयनचलन खरें आहे, पण त्याचा वेग बहात्तर वर्षांस एक अंश, म्हणजे सुमारें एक दिवस. वराहमिहिरापासून आजपर्यंत मृग एकवीस दिवसांनीं पुढें गेला. आमच्या हयातींत मात्र एकच दिवस. तेवढ्यानें पेरणी चुकत नाहीं.

आतां नातवाचा दावा. पूर आणि उघडीप यांत तापलेल्या हवेचा हात आहे, हें त्याचें म्हणणें रास्त आहे. ज्वारीस जेवढें पाणी पूर्वीं पुरे तेवढेंच आज पडलें तरी तें लवकर उडून जातें, हेंही खरें. त्यामुळें जुन्या मापाचें अवर्षण आज अधिक जाचक होतें. परंतु त्याची विहीर आटली ती मुख्यतः दुसऱ्या कारणानें. आमच्या काळ्या पाषाणांत पाणी फटींतून थोडेंच सांठतें, आणि त्याच शिवारांत शेंकडों फूट खोल बोअर घेऊन आपण तें उपसलें आहे. त्याचें खापर हवेवर फोडणें म्हणजे होळकरी दंग्याचा दुष्काळ आकाशाच्या खात्यांत लिहिणें होय. याच जिल्ह्यांत हिवरेबाजारानें पाण्याचा जमाखर्च मांडून बोअरवर बंधन घातलें. तेथेंही हवा हीच आहे.

आणि आजोबांस उत्तर असें कीं, दंडक गुहेचा लेख त्यांच्या बाजूनें नाहीं. मनुष्यानें हवेस हात लावण्यापूर्वींही आपला पाऊस दीर्घकाळ तुटूं शकत होता, असें तो सांगतो. मागील दीडशें वर्षांत आपण असें लांब अवर्षण पाहिलेलें नाहीं; आपलीं धरणें, पाट व पिकें या दीडशें वर्षांच्या अनुभवावर बेतलेलीं आहेत. तराजू थांबलेला नाहीं, आणि खालची जमीन आतां अधिक तापलेली आहे. दुर्गादेवी पुन्हां आली तर ती याच तापलेल्या जमिनीवर येईल.

हें सर्व आम्हीं ओट्यावर सांगितलें, तेव्हां आजोबा कांहीं वेळ बोलले नाहींत. मग नातवास घेऊन ते आपल्या जुन्या विहिरीवर गेले आणि १९७२ च्या उन्हाळ्यांत पाणी कोणत्या चिऱ्याखालीं गेलें होतें तें त्यांनीं त्यास दाखविलें. त्या चिऱ्याची खोली काठापासून दोरीनें मोजून आम्हीं लिहून घेतली आहे. पाथर्डी, शेवगांव व नेवासें या तालुक्यांत ज्यांच्या घरीं जुन्या दफ्तरांचे रुमाल असतील त्यांनीं पेरणीचा दिवस, बारवेच्या कितव्या पायरीस पाणी लागलें, पुराचें पाणी कोणत्या ओट्यास टेकलें, अशा नोंदी आढळल्यास त्यांच्या नकला करून ठेवाव्या. नोंदीबरोबर तिथि, गांव आणि माप कशानें घेतलें तें अवश्य लिहावें; तिथीवांचून आलेली नोंद कितीही मनोरंजक असली तरी या कामीं उपयोगी पडत नाहीं.